वाऱ्याचा बंदोबस्त

वारा नेमका कुठून शिरतो हे शोधून काढायला कलमसाहेबांना चार दिवस आणि एक अख्खी मेणबत्ती लागली.

सासूबाई हिवाळ्यापुरत्या राहायला आल्या होत्या आणि आल्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद होतं, "जावईबापू, तुमच्या घरात वारा फार शिरतो हो." हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या असत्या, तर कलमसाहेबांनी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं असतं. पण त्या हळहळत म्हणायच्या. ओळखीतला एखादा मुलगा परीक्षेत गटांगळी खाऊन आल्याचं कळल्यावर आपण हळहळतो ना, तसं. ते त्यांना फार झोंबायचं.

कलमसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका विमा कंपनीत दावे तपासायचे. कोणाचं घर जळालं, कोणाच्या घरात पाणी शिरलं, की कागद यांच्या टेबलावर यायचे. मग हे चष्मा पुसायचे, पॉलिसीचं कुठलं कलम लागू होतं ते शोधायचे आणि समोरच्याला अत्यंत सभ्य भाषेत कळवायचे की यात चूक आपलीच आहे. घरी बोलतानाही दर तिसऱ्या वाक्याला कलम यायचं. म्हणून सगळी इमारत त्यांना पाठीमागे कलमसाहेब म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं, फक्त आपल्या सुरेख हस्ताक्षरामुळे म्हणतात अशी त्यांची समजूत होती.

तर मेणबत्ती. पेटती मेणबत्ती हातात धरून ते घरभर हिंडले. ज्योत जिथे हलेल तिथे पेन्सिलीनं फुली. एकूण अकरा फुल्या झाल्या. पडद्याला एकदा धग लागली, पण तो तपशील त्यांनी नोंदवहीत घेतला नाही. मग रविवारी सकाळी फोमच्या पट्ट्या, रबर, खिळे, चिकटपट्टी असा सगळा जामानिमा घेऊन ते कामाला लागले. खिडक्यांच्या फटी बुजवल्या. स्वयंपाकघरातली जाळी पुठ्ठा लावून झाकली. सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला बाथरूमचा झरोका. तो बाहेरच्या गॅलरीत उघडायचा आणि तिथे तर मेणबत्ती विझलीच. त्यावर त्यांनी प्लायवूडचा तुकडा ठोकला, मध्ये जुन्या गादीचा कापूस दाबून भरला आणि बाथरूमच्या दाराला खालून रबराची पट्टी लावली. कडीही नवीन बसवली, कारण जुनी सैल होती आणि सैल कडीमुळे दार नीट दबून बसत नव्हतं.

"अहो, आत वाफ कोंडेल," बायको म्हणाली.

"कोंडू दे की. वाफ म्हणजे ऊबच," कलमसाहेब म्हणाले. वाक्य त्यांना इतकं आवडलं की संध्याकाळी त्यांनी ते सासूबाईंनाही ऐकवलं.

बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता. आता गिझरचा आणि वाऱ्याचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. कलमसाहेबांनी तेवढंही विचारलं नाही.

पहिली तक्रार आली ती समोरच्या बाईंकडून. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. हातात काठी, पण ती चालण्यासाठी कमी आणि दाखवण्यासाठी जास्त. झरोक्याचं प्लायवूड दोन इंच गॅलरीत आलं होतं, आणि गॅलरी सामाईक होती. त्यांनी लेखी तक्रार दिली. कलमसाहेबांनी लेखी उत्तर दिलं. त्यावर बाईंनी त्यांच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका लाल शाईनं दाखवून ते परत पाठवलं. या पत्रव्यवहारात दोन आठवडे सुखात गेले.

घरात मात्र डोकी दुखायला लागली होती. आधी बायकोचं. ती गरम पाण्यानं कपडे धुऊन बाहेर यायची आणि कपाळ धरून बसायची. मग मुलीचं. ती कॉलेजात जाणारी, केस धुवायला अर्धा तास लावणारी. सासूबाईंना तर आंघोळीनंतर मळमळायचं, भोवळ आल्यासारखं व्हायचं, पाय लटपटायचे. ठणठणीत होते ते एकटे कलमसाहेब. त्यांची आंघोळ तीन मिनिटांत आटपायची, आणि आपण ठणठणीत आहोत याचं श्रेय ते शिस्तीला द्यायचे.

"तुम्ही लोक पाणी कमी पिता," ते म्हणाले. मुलीला म्हणाले, "तो फोन आधी बाजूला ठेव." बायकोला त्यांनी चष्म्याच्या दुकानात नेलं आणि चष्मा लावूनच आणलं. त्या चष्म्यातून तिला जिन्याच्या पायऱ्या एकाआड एक दिसायला लागल्या. डोकं दुखायचं थांबलं नाही, उलट गुडघाही दुखायला लागला.

खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर आपणहून वर आले. चाळीस वर्षं एका डॉक्टरांकडे पुड्या बांधल्यामुळे त्यांना निदान करायला रोगी बघावा लागत नसे. "पित्त," दारातूनच त्यांनी सांगितलं. मग आत येऊन चहा घेतला, सासूबाईंना बघितलं आणि म्हणाले, "आजींचंसुद्धा पित्तच. आजी, उशी कशी आहे तुमची? उंच? मग पित्त मानेत उतरणारच." उशा बदलल्या. खरे डॉक्टर म्हणाले, थंडीचा ताप असावा, साथ आहे. ताप मोजला तर तो नव्हताच. "बिनतापाचा ताप असतो कधीकधी," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

तेव्हा कलमसाहेबांनी प्रकरण आपल्या हातात घेतलं. म्हणजे फाईल उघडली. कोणाचं डोकं, किती वाजता, त्याआधी काय खाल्लं, किती वेळ दुखलं, असे सुबक रकाने आखले. अशी फाईल त्यांच्या कचेरीतही कोणाची नव्हती. त्यात सगळं होतं. सासूबाई चार दिवस धाकट्या मुलीकडे राहून आल्या, तिथे त्यांना काहीही झालं नाही. (शेरा: सासूबाईंना आमच्याच घरी बरं वाटत नाही. नोंद घेतली.) एकदा सिलिंडर संपला, दोन दिवस सगळ्यांनी गार पाण्यानं हातपाय धुऊन भागवलं, आणि घरात एकाचंही डोकं दुखलं नाही. (शेरा: गॅस नसल्यानं जेवण हलकं झालं. जड जेवण टाळावे.) बायकोला बाजारात गेलं की बरं वाटायचं. (शेरा अनावश्यक.)

याच सुमारास बायकोनं आणखी एक गोष्ट दाखवली. "अहो, गिझरची ज्योत बघा. पूर्वी निळी असायची, आता पिवळी दिसते. आणि वर भिंतीला काळं धरलंय."

काळं त्यांनी पांढरा रंग देऊन झाकलं. आठवड्यात ते परत आलं, परत रंग दिला. ज्योतीसाठी मात्र गॅसच्या कचेरीला फोन केला.

"वास येतोय का?" पलीकडून प्रश्न आला.

"नाही."

"वास नाही म्हणजे गळती नाही. गळती नाही तर तक्रार घेता येत नाही. फॉर्मवर वासाचा रकाना सक्तीचा आहे."

"पण ज्योत पिवळी आहे हो."

"रंगाचा रकाना नाही साहेब. गिझरवाल्यांना विचारा."

दुसरा कोणी चिडला असता. कलमसाहेबांना मात्र त्या माणसाबद्दल आदर वाटला. इतक्या कमी शब्दांत इतकं पक्कं 'नाही' त्यांना स्वतःला कधी जमलं नव्हतं. गिझरवाले म्हणाले, वॉरंटी कार्ड आणा. कपाट उपसलं. मिक्सरचं कार्ड सापडलं, इस्त्रीचं सापडलं, कधीच भंगारात गेलेल्या पंख्याची तर दोन सापडली. गिझरचं सापडेना. "सापडलं की बघू," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. गिझर चालत होता, पाणी तापत होतं, आणि घरात कुठूनही वारा येत नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या. त्याआधी मुलगी न्हाऊन आली होती आणि सोफ्यावर आडवी पडली होती. त्याआधी बायकोनं चादरी धुतल्या होत्या. म्हणजे गिझर दीड तास चालूच होता. कलमसाहेब फाईलमध्ये नवा रकाना आखत होते.

"आई, झालं का गं?" बायकोनं दारावर टकटक केली. आतून पाण्याचा आवाज येत होता. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, मग जोरात मारली. मग तिच्या आवाजात असं काही आलं की कलमसाहेबांच्या हातातली पट्टी सरकली आणि रेघ वाकडी गेली.

"अहो, दार तोडा!"

"अगं, त्या आंघोळ करतायत. असं कसं एकदम..."

"तोडा म्हणते ना!"

त्यांनी खांदा मारला. दार हललं नाही. पुन्हा मारला. खांद्यातून कळ निघाली, दार जिथल्या तिथे. नव्या कडीला त्यांनी चार इंची स्क्रू लावले होते, एकेक करून, घाम गाळून. खालची रबराची पट्टी दाराला अशी घट्ट धरून बसली होती की आत सुतळीसुद्धा जाऊ नये. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून एखादं काम इतकं बिनचूक झालं होतं. ते दारावर मुठी मारत राहिले आणि "सासूबाई! आई! आई!" असं ओरडत राहिले. सासूबाईंना आई म्हणण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

मुलगी धडपडत उठली, भिंतीचा आधार घेत गॅलरीत गेली आणि तिनं समोरच्या बाईंचं दार बडवलं. "बाई, झरोका फोडायचाय!"

बाईंनी कारण विचारलं नाही. या झरोक्याविरुद्ध त्यांच्याकडे चार पत्रांची पूर्वतयारी होती. त्या स्टुलावर चढल्या, दोन्ही हातांनी काठी उचलली आणि वर्गातल्या पस्तीस वर्षांचा सगळा जोर लावून प्लायवूडवर घातली. तिसऱ्या घावाला ते आत कोसळलं. मग त्यांनी हात घालून काठीच्या मुठीनं आतली कडी सरकवली. कशी सरकवली हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, मान छातीवर पडलेली. बायकोनं त्यांना चादरीत गुंडाळलं आणि तिनं आणि मुलीनं त्यांना ओढत बाहेर, गॅलरीत, मोकळ्यावर आणलं. बाईंनी अँब्युलन्सला फोन लावला. कलमसाहेब गिझर बंद करायला परत आत गेले. श्वास रोखायचा असतो हे त्यांना कुठे ठाऊक होतं? त्यांनी चांगला छाती भरून श्वास घेतला, खटका बंद केला, वळले, आणि त्यांच्या पायांतलं बळच गेलं. बाथरूमचं दार दिसत होतं, पण आपण त्यातून बाहेर कसे जाऊ, हा हिशेब काही केल्या लागेना. कोणीतरी त्यांची कॉलर धरून त्यांना फरफटत बाहेर काढलं. ती त्यांची मुलगी होती.

"बाबा, मूर्ख आहात का तुम्ही?" ती रडत ओरडली.

हा प्रश्न त्यांनी नंतर बरेच दिवस मनात घोळवला. उत्तर दर वेळी एकच यायचं.

कंपाउंडर आवाज ऐकून वर आले होते. त्यांनी सासूबाईंकडे एकदा पाहिलं आणि पहिल्यांदाच निदान न करता ते पाय चोळायला बसले.

हॉस्पिटलात चौघांनाही ऑक्सिजनचे मास्क लावले. सासूबाईंनी तासाभरानं डोळे उघडले. तरुण डॉक्टरनं विचारलं, "घरात सगळ्यांचंच डोकं दुखतं? बाहेर गेलं की बरं वाटतं? घरात गॅसचं काही जळतं का, आणि खिडक्या बंद असतात का?"

कलमसाहेबांनी काखेतली फाईल पुढे केली. घर सोडताना लोक दागिने घेतात, यांनी फाईल घेतली होती. डॉक्टरनं उभ्याउभ्या दोन पानं चाळली.

"फाईल फारच छान ठेवलीय," तो म्हणाला. "सगळं उत्तर यातच आहे. आंघोळ झाली की त्रास, सिलिंडर संपला की आराम, दुसऱ्याच्या घरी आराम. कार्बन मोनॉक्साइड. तुम्ही हे वाचलं नाहीत का?"

"लिहिलं," मास्कच्या आतून कलमसाहेब म्हणाले.

त्या दिवशी दुपारभर ते सासूबाईंच्या पलंगाशेजारी बसून होते. त्यांच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: वाफ म्हणजे ऊबच. ते आपण दोनदा म्हटलं होतं, तेही खुशीत. समोर एक म्हातारी नाकावर मास्क लावून झोपली होती आणि तिची छाती वरखाली होत होती. ती वरखाली होतेय ना, हे ते दर मिनिटाला बघत होते. फाईल खाली फरशीवर पडली होती.

संध्याकाळी सासूबाईंनी मास्क बाजूला केला. आता बोलणार, या भीतीनं कलमसाहेब उभेच राहिले.

"जावईबापू, मला वाटलं म्हातारपणच अंगावर आलं," त्या म्हणाल्या. "गॅस निघाला होय? बरं झालं बाई."

यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी गॅसच्या कचेरीतून एक तपासनीस बाई आल्या. आता रकान्याची अडचण नव्हती, हॉस्पिटलचं पत्र होतं. हातात मावणारं एक यंत्र त्यांनी बाथरूममध्ये धरलं, दार लावून पाच मिनिटं गिझर चालवला, आणि बाहेर उभं राहून त्या यंत्राचं किंचाळणं सगळ्यांना ऐकवलं. मग सगळं उघडून, हवा खेळू देऊन गिझर खोलला. आत काजळी इतकी की बोट बुडेल.

"पण वास कसा नाही आला?" कलमसाहेबांनी विचारलं.

"याला वास नसतोच साहेब, रंगही नसतो. तुमच्या सिलिंडरच्या गॅसला वास असतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला. हा वेगळा. गॅस जळताना हवा कमी पडली की हा तयार होतो. ज्योत पिवळी पडली, भिंतीला काजळी धरली, म्हणजे तो सांगत असतो. दर वर्षी गिझर साफ करून घ्यायचा असतो. आणि मुळात तो बाथरूममध्ये नकोच. बाहेरच्या भिंतीला लावा, धूर जायला नळी काढा. हा गॅस साठला की वाजणारी घंटा मिळते, तीही घरात बसवा, पण घंटा आहे म्हणून झरोका बुजवू नका." मग त्यांची नजर फुटलेल्या प्लायवूडवर, कापसावर आणि दाराखालच्या रबरावर गेली. "हे कोणी बसवलं?"

कलमसाहेब खिडकीबाहेर पाहायला लागले.

"बाबांनी," मुलगी म्हणाली.

तपासनीस बाईंनी वाकून रबर ओढून पाहिलं. ते निघेना. "काम पक्कं आहे हो," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांत इतकं पक्कं पाहिलं नाही."

आयुष्यात कामाची इतकी मनापासून तारीफ कोणी केली नव्हती, आणि ती ऐकताना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना वाटत होतं. त्यांनी फॉर्मवर मुकाट्यानं सही केली. अकराही फुल्यांवरच्या पट्ट्या सोलून काढायला त्यांना पुढचे दोन रविवार लागले. झरोक्यातून वारा पुन्हा मोकळा आत आला. सासूबाई दोन स्वेटर घालून त्याच्या समोरून जायच्या आणि काहीही म्हणायच्या नाहीत.

पण कलमसाहेबांना चैन पडेना. इमारतीत आणखी कोणाकोणाकडे असे गिझर आहेत, हा विचार पाठ सोडेना. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी ते एकेका दारावर निघाले. लोकांना वाटलं वर्गणी मागायला आले. एकानं ते बोलत असतानाच दार लोटलं. कंपाउंडर म्हणाले, "आमचा गिझर बारा वर्षं चालतोय, त्याला काय धाड भरलीय?" कलमसाहेब जिन्यात बसले आणि कंपाउंडर खिडकी उघडेपर्यंत उठले नाहीत. दुपारी त्यांनी ती उघडली, तीही केवळ कलमसाहेबांना घालवण्यासाठी.

तळमजल्यावर नवे भाडेकरू आले होते. दार उघडलं ते एका तरुण आईनं. कडेवर वर्षभराचं बाळ, मान टाकून पडलेलं. तिचा स्वतःचा चेहरा ओढलेला होता.

"बरं नाहीये का?" कलमसाहेबांनी विचारलं.

"दोन दिवस झाले, उलट्या करतोय. दात येत असतील. माझंही डोकं ठणकतंय." आत गिझरखाली बादली भरत असल्याचा आवाज येत होता. सगळ्या खिडक्या बंद होत्या, फटींत कपडे कोंबलेले.

"बाहेर नेल्यावर बरा असतो का तो?"

ती थांबली. "काल बागेत नेलं होतं. तिथे छान खेळला. घरी आल्यावर पुन्हा..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कलमसाहेब म्हणाले, "आधी बाहेर चला. आत्ता. आहात तशा."

"तुम्ही गॅसच्या कचेरीतले का?"

एरवी या प्रश्नावर त्यांनी चष्मा पुसला असता, घसा साफ केला असता, एखादा हुद्दा तरी सांगितला असता. "नाही हो," ते म्हणाले. "मी वर राहतो. मागच्या महिन्यात मी माझ्या घरच्या माणसांना जवळजवळ मारलं होतं. अगदी मन लावून. तेवढंच मला यातलं कळतं."

तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि चपलाही न घालता बाळाला घेऊन अंगणात धावली. कलमसाहेबांनी या वेळी श्वास रोखला, दाराजवळची खिडकी ढकलून उघडली, सिलिंडरचा खटका फिरवला आणि तसेच तोंड मिटून बाहेर आले. अँब्युलन्सला फोन लावला, पत्ता दोनदा सांगितला.

तिला नवऱ्याला फोन करायचा होता. म्हणून तिनं बाळ त्यांच्याकडे दिलं. ते गार हवेत त्याला घेऊन उभे राहिले. बाळानं एक मोठा श्वास घेतला, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर भडाभडा ओकलं, आणि मग अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या एकामागून एक उघडल्या.

"रड," कलमसाहेब त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "रड रे राजा. अजून मोठ्यानं रड."